पुण्यात बनणारी मलेरियाची लस गडचिरोलीत का दिली जात नाही?

पावसाळा सुरू झाला की फोनवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. पहिल्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा फोटो आणि खाली ‘भारताच्या लसीने मलेरिया संपवला’. दुसऱ्यात संतापाची इमोजी आणि प्रश्न, ‘आपल्या गडचिरोलीत लोक तापाने मरतायत आणि पुण्याची लस आफ्रिकेला?’

पहिला मेसेज चूक आहे, लसीने मलेरिया संपलेला नाही. दुसऱ्यातला राग समजण्यासारखा आहे, पण प्रश्न अर्धवट आहे. दोन्हींचं उत्तर एकाच संशोधनात सापडतं. हे संशोधन ऑक्सफर्ड विद्यापीठात झालं, त्याच्या चाचण्या आफ्रिकेतल्या गावांत झाल्या आणि लस पुण्यात बनते. कोणत्याही लसीची बातमी कशी वाचावी हेही त्यातून कळतं, म्हणून जरा सावकाश बघू.

लस नेमकी कोणती?

लसीचं नाव आर२१/मॅट्रिक्स-एम. ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये एड्रियन हिल यांच्या गटाने ती तयार केली. कोविडची ‘कोविशिल्ड’ही याच विद्यापीठातून आली आणि पुण्यातच बनली. म्हणजे ही जोडी आपल्याला नवी नाही. २ ऑक्टोबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) आर२१ची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना द्यायला सुरुवात झाली.

मलेरियाची ही पहिली लस नाही. पहिली होती ‘आरटीएस,एस’. जीएसके कंपनीने १९८०च्या दशकात तिच्यावर काम सुरू केलं आणि डब्ल्यूएचओची शिफारस आली थेट २०२१ मध्ये. तीसहून जास्त वर्षं! कोविडची लस वर्षभरात आली, मग मलेरियाला एवढा वेळ का, असं अनेकजण विचारतात. एक कारण पैशाचं आहे. या आजाराचे रुग्ण बहुतेक गरीब देशांत आहेत, त्यामुळे कंपन्यांना घाई नव्हती. दुसरं कारण विज्ञानाचं आहे. मलेरिया विषाणूमुळे होत नाही, परजीवीमुळे होतो. त्याच्याकडे हजारो जनुकं आहेत आणि शरीरात शिरल्यावर तो एकामागून एक रूपं बदलतो. एका रूपाला आपलं शरीर ओळखायला लागेपर्यंत तो दुसऱ्या रूपात गेलेला असतो.

डासामार्फत मलेरिया पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या शेजारच्या सिकंदराबादमध्ये दाखवून दिलं. त्यासाठी १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिथून पहिल्या लसीपर्यंत यायला सव्वाशे वर्षं लागली.

ती काम कशी करते?

अ‍ॅनोफिलिस जातीची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून परजीवीची काही डझन सुईसारखी रूपं त्वचेत उतरतात. ती रक्तातून यकृताकडे धावतात आणि तिथल्या पेशींत लपून बसतात. आठवडाभर काहीच जाणवत नाही. मग एकेका पेशीतून हजारोंनी परजीवी बाहेर पडतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला लागतात आणि हुडहुडी भरून ताप येतो.

आर२१चा सगळा डाव पहिल्या टप्प्यावर आहे. परजीवी त्वचेतून यकृतापर्यंत जाण्याच्या त्या थोड्या वेळात त्याला अडवायचं. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाचा तुकडा घेतला आणि हिपॅटायटिस बीच्या लसीतल्या प्रथिनाला जोडला. असे कण यीस्टमध्ये वाढवले जातात. टोचल्यावर शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि खरा परजीवी आला की त्या त्याला चिकटतात.

आरटीएस,एसमध्येही कल्पना हीच आहे. पण तिच्या कणांवर हिपॅटायटिसचं प्रथिन जास्त आणि मलेरियाचं कमी. आर२१मध्ये प्रत्येक तुकड्याला मलेरियाचा भाग जोडलेला आहे. त्यामुळे लहान मुलांच्या डोसात आरटीएस,एसला २५ मायक्रोग्रॅम प्रथिन लागतं, तर आर२१ला ५ मायक्रोग्रॅम पुरतं. पाचपट कमी कच्चा माल! स्वस्ताईचं एक कारण इथेच आहे.

‘मॅट्रिक्स-एम’ हा लसीचा जोर वाढवणारा घटक. तो चिलीतल्या एका झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून बनतो. पाण्यात घुसळलं की फेस देणारं द्रव्य म्हणजे सॅपोनिन. आपल्या रिठ्यातही ते असतं. (म्हणून कोणी रिठा खाऊ नये. असे मेसेजही फिरू शकतात, त्यामुळे आधीच सांगून ठेवते.)

‘७७ टक्के परिणामकारक’ म्हणजे काय?

सगळ्यात जास्त गोंधळ या आकड्याचा होतो. ७७ टक्के म्हटल्यावर आपल्याला वाटतं, शंभर मुलांना लस दिली तर ७७ वाचली आणि २३ आजारी पडली. असं नाही.

हा आकडा बुर्किना फासोमधल्या नानोरो या गावाजवळ झालेल्या चाचणीचा. हालिदू तिंतो यांच्या नेतृत्वाखाली ४५० बाळं निवडली गेली, वय ५ ते १७ महिने. काहींना आर२१ दिली, काहींना रेबीजची लस. रेबीजची का? कारण तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि त्या मुलांना नुसतं पाणी टोचण्यापेक्षा कामाची काहीतरी लस मिळालेली बरी. २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निकाल आले.

सहा महिन्यांनी रेबीज लस घेतलेल्या १४७ मुलांपैकी १०५ जणांना मलेरिया झाला होता. म्हणजे ७१ टक्के. हे वाक्य परत वाचा. एका पावसाळ्यात दहातल्या सात बाळांना मलेरिया! गावातला मलेरिया म्हणजे काय असतो, ते लसीच्या निकालापेक्षा या एका आकड्यातून जास्त कळतं. जोरदार डोसाची आर२१ घेतलेल्या १४६ मुलांपैकी ३८ जणांना मलेरिया झाला, म्हणजे २६ टक्के.

आता कॅल्क्युलेटर काढा. ७१ वरून २६ म्हणजे साधारण ६३-६४ टक्क्यांची घट. मग ७७ कुठून आले? यात लबाडी नाही. संशोधकांनी किती मुलं आजारी पडली एवढंच मोजलं नाही, ती कधी आजारी पडली हेही मोजलं. लस न मिळालेली मुलं पहिल्या काही आठवड्यांतच भराभर आजारी पडली. त्यामुळे नंतर आजारी पडायला त्या गटात मुलंच कमी उरली. शेवटी डोकी मोजली तर हा वेगातला फरक दिसत नाही. वेळ धरून हिशेब केला की लस घेतलेल्या मुलांना दर दिवशी असलेला धोका ७७ टक्क्यांनी कमी निघतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. हेडलाइनला अर्थातच मोठा आकडा मिळतो.

नानोरो हा छोटा अभ्यास होता. मोठा अभ्यास बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया या चार देशांत सुमारे ४,८०० मुलांवर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये छापून आला. तिथे आकडा थोडा खाली आला. जिथे मलेरिया ठरावीक मोसमात येतो आणि लस मोसमाच्या अगदी तोंडावर दिली, तिथे ७५ टक्के. जिथे मलेरिया वर्षभर असतो आणि लस वयानुसार दिली, तिथे ६८ टक्के. हे दोन्ही आकडे पहिल्या वर्षाचे आहेत. साइड इफेक्टमध्ये ताप आणि टोचल्या जागी दुखणं हे मुख्य होतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी पहिल्या काही महिन्यांत भरपूर असतात, मग ओसरतात. नेमक्या त्या महिन्यांत डास असतील तर लस चमकते. म्हणूनच आर२१चे तीन डोस महिन्या-महिन्याने आणि चौथा डोस वर्षभराने द्यावा लागतो. आरटीएस,एसच्या बाबतीतही हेच झालं होतं. पहिल्या वर्षी ५६ टक्के संरक्षण, आणि चार वर्षांचा एकत्र हिशेब केला तर चार डोस घेऊनही सुमारे ३६ टक्के. दोन लसींची आमनेसामने तुलना झालेली नाही, त्यामुळे ‘आर२१ आरटीएस,एसपेक्षा भारी’ हे विधान आज कोणालाही छातीठोकपणे करता येणार नाही. डब्ल्यूएचओचंही म्हणणं असंच आहे.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. मोठ्या चाचणीच्या खर्चात सीरम इन्स्टिट्यूटचाही वाटा होता, म्हणजे लस बनवणारी कंपनीच चाचणीला पैसे देत होती. औषधांच्या जगात हे नेहमीचं आहे आणि लॅन्सेटमधल्या लेखात ते उघड लिहिलेलं आहे. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही. पण कंपनीशी संबंध नसलेल्या लोकांनी प्रत्यक्ष वापरावर लक्ष ठेवणं गरजेचं ठरतं.

लसीमुळे मुलं मरायची थांबतात का?

खरा प्रश्न हा आहे, आणि आर२१च्या चाचण्यांकडे त्याचं थेट उत्तर नाही. ४,८०० मुलं ताप मोजायला पुरतात, मृत्यूतला फरक मोजायला कमी पडतात.

इथे पहिल्या लसीचा अनुभव कामी येतो. आरटीएस,एसच्या चाचणीत काही खटकणाऱ्या गोष्टी दिसल्या होत्या. लस घेतलेल्या मुलांत मेंदूज्वराच्या केसेस जास्त होत्या, आणि मुलींच्या मृत्यूंबद्दलही प्रश्न उभा राहिला होता. हा योगायोग की लसीचा दोष? डब्ल्यूएचओने घाईने शिफारस केली नाही आणि लस फेकूनही दिली नाही. २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावी या तीन देशांत ती टप्प्याटप्प्याने काही भागांत देऊन बघितली. सुमारे २० लाख मुलांपर्यंत ती पोहोचली. त्या शंका तिथे खऱ्या ठरल्या नाहीत, आणि लस मिळालेल्या भागांत त्या वयाच्या मुलांचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. १३ हा आकडा ७७ पुढे किरकोळ वाटतो. पण हे फक्त मलेरियाचे मृत्यू नाहीत, अपघात सोडून सगळ्या कारणांचे आहेत. आणि यात लस न घेतलेली मुलंही मोजलेली आहेत. एका लसीने एवढा फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात भरवशाचा आकडा हाच. रील मात्र त्याच्यावर कोणी बनवत नाही.

२०२३ मध्ये जगात मलेरियाचे अंदाजे २६.३ कोटी रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू. त्यातले ९५ टक्क्यांच्या आसपास मृत्यू आफ्रिकेत झाले, आणि तिथे मेलेल्यांपैकी चारात तीन जण पाच वर्षांखालची मुलं होती. पुण्यातले डोस आधी तिकडे का गेले, याचं उत्तर यातच आहे.

मग गडचिरोलीचं काय?

२०१५ मध्ये भारतात मलेरियाचे ११.७ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२३ मध्ये २.२७ लाख. नोंदलेले मृत्यू ३८४ वरून ८३ वर आले. नोंद न झालेले रुग्णही असतातच. खासगी दवाखान्यात जाऊन गोळ्या घेतलेले या यादीत येत नाहीत. म्हणून २०२३ साठी डब्ल्यूएचओचा भारताचा अंदाज सुमारे २० लाखांचा आहे. तो धरला तरी उतार स्पष्ट आहे, आणि २०२४ मध्ये जास्त मलेरिया असलेल्या देशांच्या गटातून भारत बाहेर पडला.

डब्ल्यूएचओ ही लस प्राधान्याने कुठे द्या म्हणते? जिथे फाल्सिपेरम मलेरियाचा प्रसार मध्यम किंवा जास्त आहे तिथे. ‘मध्यम’ म्हणजे ढोबळमानाने हजार लोकांमागे वर्षाला अडीचशे रुग्ण. भारतात वीस लाखांचा मोठा अंदाज धरला तरी हजारामागे दीड रुग्ण होत नाही.

दुसरी अडचण परजीवीची. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती आहेत, फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स. मेंदूपर्यंत जाऊन जीव घेणारा प्रामुख्याने फाल्सिपेरम, आणि आर२१ फक्त त्याच्याविरुद्ध बनलेली आहे. व्हायवॅक्स यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो आणि पुन्हा उठतो. त्याच्यावर या लसीचा उपयोग नाही. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणाऱ्या डासांमुळे होणारा मलेरिया बहुतांश व्हायवॅक्सचा असतो. म्हणजे अंधेरी-वरळीतल्या कोणी ‘आम्हाला लस द्या’ म्हटलं, तर उत्तर ‘टाकीला झाकण लावा’ हेच आहे.

पण गडचिरोली म्हणजे मुंबई नव्हे. इथे फाल्सिपेरम आहे. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा या जिल्ह्यातून आणि मुंबईतून येतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतली गावं जंगलात विखुरलेली आहेत आणि पलीकडे छत्तीसगडचा बस्तर आहे. डास राज्याची हद्द बघत नाहीत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि नेमका तोच मलेरियाचा मोसम. देशाची सरासरी काढली की अशी गावं तिच्यात बुडून जातात.

मग तिथे तरी लस द्यावी का? इथे जाणकारांतही दोन मतं असू शकतात, पण सध्या तरी ‘आधी बाकीची कामं’ हा युक्तिवाद मला जास्त पटतो. लस दिली तर ती पाच महिन्यांपुढच्या बाळांना मिळेल. आफ्रिकेत मलेरिया लहानग्यांना मारतो, कारण तिथे मोठ्यांना लहानपणापासून वारंवार मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. आपल्याकडे प्रसार कमी असल्यामुळे ती प्रतिकारशक्ती मोठ्यांतही कमी असते. तेंदूपत्ता तोडायला गेलेला बाप, आश्रमशाळेतली बारा वर्षांची मुलगी, रात्री शेतात राखण करणारा आजोबा, सगळेच आजारी पडू शकतात. बाळांच्या लसीने हे लोक वाचत नाहीत.

त्यांना वाचवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे आहेत. औषध लावलेली मच्छरदाणी, घरात फवारणी, गावातच रॅपिड टेस्ट आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू. ओडिशाने ‘दमन’ मोहिमेत दुर्गम गावांत घरोघर जाऊन सगळ्यांची तपासणी केली, ताप नसलेल्यांचीही, आणि रुग्णसंख्या खूप खाली आणली. नंतर ती पुन्हा वर सरकली. मोहीम जरा ढिली पडली की मलेरिया परत येतो, आणि ही गोष्ट लसीलाही लागू आहे. चार डोस द्यायला चार वेळा त्या गावात पोहोचावं लागतं. जिथे आशाताई टेस्ट किट घेऊन वेळेवर पोहोचू शकत नाही, तिथे चौथा डोस कसा पोहोचेल? आफ्रिकेतही चौथ्या डोसाला मुलं गळतात हीच तक्रार आहे.

तरीही विषय बंद करू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण बांगलादेशात आहे. चितगावच्या डोंगराळ भागातल्या बंदरबन जिल्ह्यात आर२१ वेगळ्या पद्धतीने वापरून बघण्याचा अभ्यास हाती घेतला गेला. फक्त बाळांना लस न देता अख्ख्या गावाला लस आणि सोबत मलेरियाची औषधं द्यायची, आणि उरलासुरला मलेरिया मुळापासून जातो का बघायचं. जंगल, डोंगर, आदिवासी पाडे, पावसात तुटणारे रस्ते. वर्णन ओळखीचं वाटतं ना? तिथले निकाल चांगले आले तर ‘गडचिरोलीत लस का नाही’ हा प्रश्न आजच्यापेक्षा खूप धारदार होईल. भारताला २०२७ पर्यंत देशांतर्गत मलेरियाचे रुग्ण शून्यावर आणायचे आहेत आणि २०३० पर्यंत मलेरियामुक्त व्हायचं आहे.

पैसे कोण देणार?

आर२१ची किंमत डोसाला २ ते ४ डॉलर सांगितली गेली. आरटीएस,एस ९ युरोच्या पुढे होती. सीरमने वर्षाला १० कोटी डोस बनवण्याची तयारी असल्याचं जाहीर केलं होतं. पहिल्या लसीचा तुटवडा होता, डोस देशांना वाटून द्यावे लागत होते. आता ती अडचण सुटली आहे. २० हून जास्त आफ्रिकी देशांनी मलेरियाची लस सुरू केली आहे, आणि आरटीएस,एसचं तंत्रज्ञानही जीएसकेने हैदराबादच्या भारत बायोटेकला देण्याचं ठरवलं आहे. म्हणजे पुढे दोन्ही लसी भारतातच बनतील.

अडचण आता दुसरीकडे आहे. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांसाठी या लसी गावी ही संस्था विकत घेते, श्रीमंत देशांनी दिलेल्या पैशातून. जून २०२५ मध्ये ब्रसेल्सला गावीने पुढच्या पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर मागितले, जमले ९ अब्जांच्या थोडे वर. त्याच बैठकीत अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर यांनी अमेरिका यापुढे गावीला पैसे देणार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षी अमेरिकेची यूएसएड ही संस्थाही मोडीत निघाली, आणि आफ्रिकेतल्या मच्छरदाण्या, टेस्ट किट, औषधं यांचा मोठा खर्च त्या वाटेने येत होता. लस एकटी वापरण्यासाठी बनलेलीच नाही, मच्छरदाणी आणि औषधांच्या जोडीला वापरायची आहे. चाचण्यांतल्या मुलांनाही ती जोड होती. मच्छरदाणी गेली आणि नुसती लस राहिली, तर चाचणीतले आकडे गावात दिसतीलच असं नाही.

प्रयोगशाळेत काम थांबलेलं नाही. ऑक्सफर्डच्याच दुसऱ्या गटाची आरएच५ नावाची लस परजीवी रक्तात शिरल्यावर त्याला अडवते. म्हणजे आर२१च्या हातून निसटलेल्यांना गाठण्यासाठी दुसरी फळी. डिसेंबर २०२४ मध्ये तिचे निकाल आले, चाचणी पुन्हा नानोरो परिसरातच झाली होती आणि पहिल्या सहा महिन्यांत संरक्षण ५५ टक्के दिसलं. पुढे दोन्ही लसी एकत्र देण्याचा विचार आहे.

तोवर मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं तपासा. टक्के किती काळाचे आहेत, पहिल्या वर्षाचे की चार वर्षांचे. तुलनेच्या गटात किती जण आजारी पडले. आणि तो मलेरिया फाल्सिपेरम की व्हायवॅक्स. थंडी वाजून ताप आला तर मात्र मेसेज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. गोळ्यांचा कोर्स ताप उतरला तरी पूर्ण करायचा, व्हायवॅक्ससाठी तो चौदा दिवसांचा असतो आणि बरेच लोक तो मध्येच सोडतात.